प्रतिस्पर्ध्याने सांगितलेली विश्रांती

बँकेचे मॅनेजर दिवाणखान्यात गोल्फचा फटका घोटवत होते. "बाहेर जाऊन काय ते करा," असं बायकोने दोनदा बजावलं होतं. पण क्लबची फायनल रविवारी, आणि फायनल म्हटल्यावर साहेब कुणाचं ऐकतात! काठी गर्रकन फिरली ती थेट लोखंडी कपाटावर. कपाटाला नुसता पोचा आला, साहेबांचं मनगट मात्र टम्म सुजलं.

बायकोने त्यांना ओढतच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. फायनलमध्ये साहेबांसमोर उभे राहणार होते ते नेमके हेच डॉक्टर.

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाडाला बारीक चीर आहे. आजच प्लास्टर घालू. महिनाभर काठीला हात लावायचा नाही."

"आणि फायनल?"

"सोडावी लागेल."

"म्हणजे कप तुम्हाला!"

"नियमाने तसंच होतं हो," डॉक्टर कसनुसे होत म्हणाले.

साहेब प्लास्टर न घालताच उठले. जिन्यातच त्यांचा पारा चढला. "बघितलंस? बसल्या जागी कप लाटतोय लेकाचा!"

"अहो, पण एक्स-रे पाहिलात ना?"

"एक्स-रे काय, कुणाचाही दाखवता येतो!"

वर्षानुवर्षं त्या कपाने साहेबांना हुलकावणी दिली होती. आता एका चिरेपायी तो सोडायचा? छे!

रविवारी मनगटाला करकचून पट्टी बांधून आणि वेदनाशामक गोळ्या गिळून साहेब मैदानावर हजर झाले. "खेळू नका हो, हात जोडतो तुम्हाला," डॉक्टर काकुळतीला आले. त्यामुळे तर हा सगळा कप लाटायचा डाव आहे, अशी साहेबांची खात्रीच पटली.

आणि मग काय सांगू! साहेबांनी काठी उगारली की डॉक्टर डोळे गच्च मिटायचे. साहेब दात-ओठ आवळून गप्प, "आई गं" डॉक्टरच म्हणायचे. मग स्वतःची पाळी आली की त्यांचाही फटका चुकायचा आणि चेंडू झुडपात जायचा. शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत आले.

तिथे डॉक्टरांचा चेंडू उंच गवतात गेला. ते एकटेच त्याच्यावर वाकले होते. साहेब लांब, पंच त्याहून लांब. एवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला.

"काठी टेकवताना चेंडू हलला माझा. एक फटका दंड धरा."

"कितीसा हलला?" पंचांनी ओरडून विचारलं.

"नखाएवढा."

"आम्ही कुणी पाहिलं नाही, डॉक्टर."

"मी पाहिलं ना!"

त्या एका जास्तीच्या फटक्याने डॉक्टर हरले, साहेब जिंकले. टाळ्या पडल्या, कप हातात आला, पण साहेबांचं कशातच लक्ष नव्हतं. काय माणूस आहे हा! कप समोर असताना, कुणी बघत नसताना, नखाएवढ्या गोष्टीसाठी स्वतःहून हरला! साहेबांना अगदी भरून आलं. त्यांनी कप बायकोकडे दिला आणि डॉक्टरांपुढे चक्क मान लववली.

"डॉक्टर, असा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुम्ही खोटं बोलूच शकत नाही!"

बोलता बोलता साहेब थबकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे... तो एक्स-रे..."

"तुमचाच," डॉक्टर म्हणाले.

आणि साहेबांनी दिवसभरात पहिल्यांदाच बोंब ठोकली.