आठ किलो मीठ आणि दांडगे साहेब

पडेगावच्या रस्त्यानं रोज सकाळी सहा वाजता एक गृहस्थ पाठीवर आठ किलो मीठ घेऊन दौलताबादच्या दिशेनं चालत जायचे आणि तेच मीठ घेऊन परत यायचे. ते मीठ विकत नसत की कुणाला वाटत नसत. नव्याकोऱ्या सॅकमध्ये एकेक किलोच्या आठ पुड्या आणि सॅकच्या पुढं दांडगे साहेब. आडनाव दांडगे, अंगानं मात्र काडी.

रस्त्यालगत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्मही मी भरून देतो. आधार, पीकविमा, पोरांचे प्रवेश, सगळं. दांडगे साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. ते एक दिवस दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सलीमभाई, हिमालयात चालायला जायचंय. फॉर्म भरा."

"कुठल्या ट्रेकचा, साहेब?"

"ते ठरायचंय. आधी मी किती वजनाचा माणूस हाय ते ठरू द्या."

आणि दुसऱ्या दिवसापासून मीठ सुरू झालं. एका ट्रेक कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की सॅक साधारण आठ किलोची होते. 'साधारण' हा शब्द साहेबांनी लाल पेनानं खोडला होता. मी विचारलं, मीठच का. तर म्हणाले, "डाळीला कीड लागती, पिठाची पुडी फुटती. मीठ बरं. पण आठ पुड्या घेतल्या त्यातल्या दोन परत करून बदलून आणल्या. चार ग्रॅम कमी भरल्या."

नोकरीतही ते असेच होते. शहागंजात ते दिसले की अर्ध्या बाजारातले तराजू आपोआप स्वच्छ व्हायचे. कुणाचा चहा घेतला नाही, कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. उद्या त्याच्याच काट्यावर शिक्का मारायची वेळ आली तर? अजूनही एक भाजीवाला त्यांना बघितलं की न मागता मूठभर मिरच्या जास्त टाकतो, आणि साहेब त्या मोजून परत ठेवतात. गावाकडं भावाशी धान्याची वाटणी झाली तेव्हा हे सरकारी शिक्क्याची मापं घेऊन गेले होते. वाटणी दाण्याचाही फरक न पडता झाली. त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत. बायको जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. एवढं सगळं त्यांनी मला एकाच वाक्यात सांगितलं होतं, तेही फॉर्ममध्ये 'कुटुंबातील सदस्य' असा रकाना आला म्हणून.

ट्रेक निवडायला त्यांना पाच महिने लागले. माझ्या दुकानात त्यांनी पुण्या-मुंबईच्या सगळ्या कंपन्यांची माहिती छापून घेतली आणि फाइल केली. सोपा, मध्यम आणि अवघड असे तीन भाग. मग पुण्याच्या एका कंपनीला माझ्या मोबाईलवरून स्पीकरवर फोन लावला.

"तुमच्या कागदात लिहिलंय की हा ट्रेक मध्यम हाय. मध्यम म्हंजे किती?"

पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती. "काका, मध्यम म्हणजे चालायची थोडी सवय हवी."

"थोडी म्हंजे किती?"

"म्हणजे... साधारण पाच किलोमीटर तुम्ही किती वेळात चालता?"

"त्रेपन्न मिनिटं. गुडघ्याला पट्टी बांधून. बिनपट्टीचं छप्पन्न. दोन्ही आकडे आठ किलो मिठासकट."

झेरॉक्सला आलेल्या दोन बाया तोंडावर पदर धरून हसत होत्या. मुलगी म्हणाली, "मीठ कशाला, काका?" आणि साहेबांनी तिला चार ग्रॅमसकट सगळं सांगितलं. त्यानंतर दर सोमवारी फोन ठरूनच गेला. तिला त्यांचा आवाज पाठ झाला असावा. ती आधीच विचारायची, "आज किती मिनिटं, काका?"

चढाचा सराव करायला ते खुलताबादच्या घाटात गेले. पाठीवर ओझं घेऊन म्हातारा माणूस घाट चढतोय हे बघून एका एसटीवाल्यानं गाडी थांबवली. कंडक्टर म्हणाला, "या बाबा, तिकिटाचं बघू नंतर." साहेबांनी त्याला रस्त्यातच समजावलं की आपण बसलो तर मोजणी चुकेल. कंडक्टर ऐकेना, साहेब चढेनात. शेवटी गाडीतली माणसं ओरडायला लागली तेव्हा एसटी हलली. या भांडणात सात मिनिटं गेली ती साहेबांनी वहीत वेगळी दाखवली.

मला वाटलं होतं, एवढी तयारी म्हणजे हा माणूस अवघडच निवडणार. निदान मध्यम. पण एका दुपारी ते आले आणि फाइल टेबलावर ठेवून म्हणाले, "सोपा."

"अहो साहेब, पाच महिने मीठ वाहिलंत."

"वाहिलं. पण मध्यमला पाच किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत पाहिजे असं त्या पोरीनं शेवटी कबूल केलं. मी त्रेपन्नच्या खाली येत नाय. दुकानदाराला चार ग्रॅम सोडले नाहीत, मग स्वतःला आठ मिनिटं कशी सोडू?"

आवाजात तक्रार नव्हती. स्वतःला नापास करून ते शांतपणे बसले होते. मी फॉर्म भरला. सहा दिवसांचा सोपा ट्रेक, तुकडीत एकूण बावीस माणसं. डॉक्टरचा दाखला जोडला. दाखल्यावर डॉक्टरनं वजनाचा आकडा अंदाजानं टाकला होता, तो साहेबांनी परत जाऊन बदलून आणला.

दिवाळीनंतर ते गेले. बारा दिवसांनी दुकानात आले तेव्हा चेहरा उन्हानं रापला होता. मी तक्रारी ऐकायच्या तयारीत होतो: किलोमीटर चुकीचे लिहिलेत, सूप पाणचट होतं, असलं काहीतरी. त्यांनी स्टूल ओढला आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले.

"शिखर बघितलं का, साहेब?"

"नाय. तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागला. मीच गाइडला सांगितलं, माझं माप भरलं, मी तंबूतच थांबतो. बाकीचे वर गेले."

"मग वाईट वाटलं असेल."

"त्याचं नाय. तो गाइड होता, नेगी. चाळिशीचा असेल. तो रोज सकाळ-संध्याकाळ यायचा. आपलं बोट हातात धरायचा, त्याला ते छोटं यंत्र लावायचा. रक्तात हवा किती हाय ते दाखवतं ते. आकडा स्थिर होईपर्यंत हात सोडायचा नाय. तेवढ्यात विचारायचा, झोप लागली का, जेवलात का, डोकं दुखतं का. आणि सांगितलेलं सगळं वहीत लिहायचा."

"यंत्रावर शिक्का होता का?" मी चेष्टेनं विचारलं.

"नव्हता. बघितलं मी." मग हळूच म्हणाले, "चालवून घेतलं."

मी हसलो, पण ते हसले नाहीत.

"बावीस जण रांगेनं बसायचे, सलीमभाई. तो एकेकाला करत यायचा. मी शेवटी बसायचो."

"का? थंडीत उगाच ताटकळत?"

"शेवटी बसलं की वाट बघता येते."

दुकानात एक जण सातबाऱ्याची प्रत घ्यायला आला. त्याला वाटेला लावलं. साहेब तसेच बसून होते. मी चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पैशाचा चहा घेतला. पिता पिता नेगीच्या गावाबद्दल सांगत राहिले. दोन गाई, बारावीला असलेली मुलगी, सफरचंदाची चार झाडं. गाव त्यांनी बघितलं नव्हतं, तरी सगळं नीट माहीत होतं.

मी म्हटलं, "त्याचा नंबर घेतला असेल ना? फोन करा की एखादा."

"घेतलाय. चार वेळा काढून बघितला. लावला नाय."

"का बरं?"

"त्यानं ओळखलं नाय तर?" ते कप बघत म्हणाले. "दर आठवड्याला त्याला नवीन बावीस बोटं असत्यात."

मी उगाच प्रिंटरचा ट्रे काढून परत लावला. साहेबांनी पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तोच ट्रेक परत भरा. सोपाच."

मी पुण्याला फोन लावला. मुलीनं साहेबांचा आवाज लगेच ओळखला, गुडघ्याची चौकशी केली. त्यांनी तिला विचारलं की नेगी कुठल्या तुकडीबरोबर असेल. ती म्हणाली, "ते आधी ठरत नाही, काका. गाइड बदलत असतात. दुसरंही कुणी असू शकतं."

"बरं," साहेब म्हणाले.

मी साइट उघडली. नाव, वय, पत्ता टाकला. पुढं तारखांची यादी आली, डिसेंबरपासून पार मेपर्यंतची.

"थंडी लई असेल आत्ता, साहेब," मी म्हणालो. "उन्हाळ्यातली बघू का एखादी?"

ते स्टुलावरून उठले होते. पडद्याकडं वाकून बघत होते.

"नको," ते म्हणाले. "सगळ्यात आधीची कुठली हाय?"