कदम मॅडमची मोटर

कदम मॅडम रोज सकाळी बरणीत फुंकतात. काचेच्या बरणीत हिरवं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि गाल फुगवून फुर्रर्र बुडबुडे. करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये त्या समोरच एकट्या राहतात. मजल्यावरची बाकीची दारं बंद, त्यांचं दिवसभर उघडं, चाळीची सवय. त्यामुळे मला सगळं दिसतं. शेजारी तशीच दुसरी बरणी असते. तिच्यात मात्र त्या कधी फुंकत नाहीत.

एकदा त्यांनी मला हाक मारून दोन्ही दाखवल्या. "ही लाडावलेली. ती हिकमती."

"ही... अल्गी आहे ना?" मी पुटपुटले.

"अल्गी कोण गं? तुझी कॉन्व्हेंटची मैत्रीण? शेवाळ म्हण. आणि मोठ्याने म्हण. आवाजाला प्रेशर नाही तुझ्या. मोटर लाव!"

'मोटर लाव' हा त्यांचा सगळ्यांना सल्ला. लिफ्ट रखडली, दूधवाला उशिरा आला, माझं लग्न ठरेना, सगळ्यावर मोटर. कॉलेजात बॉटनी शिकवून त्या रिटायर झाल्या, पण वाढल्या डिलाईल रोडच्या चाळीत, म्हणून शास्त्रसुद्धा नळावर उभं राहिल्यासारखं सांगतात.

"शेवाळाला जेवण बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो. माझ्या उच्छ्वासात तो भरपूर, म्हणून ही बया ऐतखाऊ. हवेत तो नावाला, पाण्यात तर रखडत येतो. नळाला धार नसली की आम्ही काय करायचो?"

"मोटर?"

"शाब्बास! ती हिकमती पेशीच्या पडद्यात बारके पंप बसवते. पाण्यात विरघळलेला कार्बन आत खेचते, पिंपात साठवते. पिंपाला बाहेरून स्टार्चचं लिंपण, गळायला नको म्हणून. आणि गंमत सांगू? लाडावलेलीला फुंकणं बंद केलं ना, की काही तासांत तीही मोटर लावते!"

एकदा त्यांनी खरंच फुंकणं बंद केलं आणि दुपारी पॅसेजमधून मला ओरडून सांगितलं, "अगं, मोटर लागली!"

नेमका वॉचमन तिथून चालला होता. तेव्हा वरच्या मजल्यांना पाणी बारीक येत होतं, आणि पाइपला मोटर लावणाऱ्याची लाइन तोडायची, असं सोसायटीने ठरवलं होतं.

संध्याकाळी सेक्रेटरी राणेकाका प्लंबरला घेऊन दारात हजर. "मॅडम, मोटर खंय आसा?"

मॅडमनी बरणी पुढे केली. "ह्यात."

प्लंबरने सिंकखाली पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, माळ्यावर टॉर्च मारला. राणेकाका तापले. "मस्करी करतास? उद्या लाइन तोडून टाकतलंय!"

मॅडमनी बरणी आणखी पुढे केली. मी माझ्या दारात होते. घसा खाकरला. "काका, ती... शेवाळातली मोटर आहे."

एवढ्या मोठ्याने मी त्या मजल्यावर कधीच बोलले नव्हते. राणेकाका हसत सुटले, हसता हसता खुर्चीत बसले. मॅडमनी चहा टाकला आणि पुन्हा पिंपापासून सुरुवात केली. राणेकाका गावच्या विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आणि त्यावरून घसरलेला आपला मामा यांत रमले. प्लंबरने दोनदा चहा घेतला. लाइन वाचली.

निघताना काका म्हणाले, "शब्द जपून वापरा, मॅडम. तक्रार आली की मला यावंच लागतं."

"यावंच लागतं?" मॅडमनी विचारलं.

"नियमच आहे."

पुढच्या रविवारी मी लिफ्टपाशी उभी होते. मॅडम बाजारातून आल्या, वॉचमनच्या टेबलाशी थांबल्या आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज मोटर लावणार आहे हं मी. पाचच्या सुमारास. राणेंना सांग."

डॉक्टरांनी मॅडमना मैदा बंद केलाय. हातात खारीचा चांगला मोठा पुडा होता.