कलम वीस आणि चिंधूचा बैल

या खेपेला करार कायदा आदेशच्या मुठीत होता! वर्ध्याच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं समीक्षाला तसं सांगूनच टाकलं. समीक्षा त्याच्या वर्गातली, पहिल्या फटक्यात पास झालेली. आदेशचा हा विषय मात्र दोनदा राहिला होता.

"चारशे पानांचं पुस्तक बत्तीस पानांत बसवलं मी!" त्यानं निळी वही नाचवली. "याले म्हणतात गोषवारा!"

"अन् पुस्तक कुठं आहे?"

"देऊन टाकलं ज्युनिअरले. आता काय काम त्याचं?"

"सोमवारी पेपर आहे आदेश," समीक्षा म्हणाली. "वही जपजो बरं."

वहीतली खरी गंमत त्यानं तिला सांगितलीच नाही. पुस्तकात सगळे व्यवहार 'क' आणि 'ख' करतात. क घोडा घेतो, ख कबूल होतो, आणि तिसऱ्या ओळीला आदेशला कळेनासं होतं की घोडा नेमका कोणाचा! म्हणून त्यानं क आणि ख यांना हाकलून दिलं आणि त्यांच्या जागी आपल्या गावची, अल्लीपूरची माणसं बसवली. त्याचे बाबा रूपराव, शेजारचा चिंधू, निवृत्त झालेले नरहर गुरुजी. घोड्याचा बैल केला. आता कलमं कशी आपल्याच गल्लीतून चालत येत!

आणि पास होणं भागच होतं. रूपरावांनी बजावून ठेवलं होतं, "औंदा राह्यला ना, तर कारंज्याले जायचं. मामाच्या ढाब्यावर थाळ्या पोचवजो!"

शुक्रवारच्या दुपारच्या एसटीत आदेशला खिडकी मिळाली. वही मांडीवर. बाहेर कापूस फुटला होता, शेतांमागून पांढरी शेतं हळूहळू मागे सरकत होती, आणि ऊन असं काही मऊ पडलं होतं की डोळे उघडे ठेवूनही झोप लागावी. बघता बघता शेतांचं कोर्ट झालं. वर पंखा संथ फिरतोय. आदेशच्या अंगात काळा कोट. न्यायमूर्ती चष्मा काढतात, हसतात आणि म्हणतात, "बोला, वकीलसाहेब!"

वकीलसाहेब! कोणीतरी एकदा तरी आपल्याला असं म्हणावं, याहून जास्त त्याला आयुष्याकडून काही नको होतं. अल्लीपूर आलं तेव्हा न्यायमूर्ती त्याच्या बाजूनं निकाल वाचत होते. तो ऐकत ऐकतच आदेश खाली उतरला, आणि वही गाडीबरोबर पुढे गेली.

ती सापडली कंडक्टर मुकेशला. मालकाचं नाव कुठंच नाही, पण पानोपानी अल्लीपूरची माणसं! शनिवारी पहिल्या फेरीला त्यानं ती थांब्यावरच्या नागसेनच्या चहाटपरीवर दिली. "तुमच्या गावचं कोर्टाचं काही रेकॉर्ड दिसते भाऊ," तो म्हणाला.

घर पालथं घालून, तोंडचं पाणी पळालेला आदेश थांब्यावर पोचला, तोवर टपरीवर पन्नास माणसं जमली होती आणि नागसेन तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचत होता. "कलम वीस! चिंधू आपला बैल रूपरावले विकाचा करार करते. करारावेळी बैल मेलेला असते, पण दोघायलेही मालूम नसते. करार रद्दबातल!"

चिंधू ते ऐकून शेतात पळत गेला होता. बैल तर मजेत रवंथ करत होता! चिंधू तसाच परत आला आणि, गावात वकिली शिकणारं पोर एकच म्हणून, त्यानं थेट रूपरावांना गाठलं.

"काऊन रे रूपराव! बैल माहा जिता आहे अन् कागदावर मेला? पोराले वकील करून माह्या बैलावर डोया ठेवून राह्यला काय तू?"

"अबे, मले काय कराचा तुहा बैल!"

"मंग कलम काऊन लावलं?"

"काका, ते उदाहरण आहे!" आदेश कळवळून ओरडला. "खरं नाई ते! वही द्या माही, परवा पेपर आहे!"

पण ऐकतो कोण! नंबर घातलेलं कलम, खाली रेघ मारलेलं, ते खोटं कसं असेल? तेवढ्यात नरहर गुरुजी काठी आपटत आले. कलम सोळामध्ये ते आजारानं खंगले होते आणि सून पद्मा त्यांच्यावर दबाव आणून हवं ते लिहून घेत होती. सकाळपासून तीन नातेवाईक फळं घेऊन भेटून गेले होते. पद्मानं तर सासऱ्यांना चहा देणंच बंद केलं होतं, न जाणो दबाव पडायचा!

"मी खंगलो?" गुरुजी गरजले. "सगळ्या प्रकरणांचा निकाल लागेस्तोवर वही माझ्याकडे जमा राहील!"

मग दोन दिवस टपरीवर सुनावणी चालली. एकेक कलम, एकेक माणूस, आणि मध्ये घामाघूम आदेश. अभ्यास राहिला बाजूला, पण त्याला हळूहळू मजा यायला लागली. पन्नास माणसं गप्प बसून त्याचं ऐकत होती हो! निकालही गोड लागले. गुरुजींनी चारचौघांत सुनेच्या चहाचं कौतुक केलं. रूपरावांनी आपल्या हातानं चिंधूच्या बैलाला सरकीची ढेप चारली, बैलानं ती मिटक्या मारत खाल्ली, आणि दोघं शेजारी गळ्यात गळे घालून चहा प्यायले.

रविवारी संध्याकाळी वही परत मिळाली. गुरुजींनी ती लाल शाईनं तपासली होती. शेवटी शेरा, 'दहापैकी सहा. अक्षर सुधारा.'

सोमवारी प्रश्नपत्रिका उघडली आणि आदेशला आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं. पहिलाच प्रश्न, विकलेला घोडा, करारावेळी मेलेला! त्यानं पेन उचललं आणि डोळ्यांपुढे नागसेनची टपरी उभी राहिली, बैलाचे टपोरे डोळे दिसले, ढेपेचा वास आला. लिहितच सुटला! तीन पुरवण्या!

परतीच्या एसटीत, त्याच मऊ उन्हात, न्यायमूर्तींनी पुन्हा चष्मा काढला. पण या वेळी हसले नाहीत. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "घोडा मेला होता ना हो?"

आदेश ताडकन सरळ बसला. त्यानं लिहिलं होतं, 'जनावर जिवंत असून खरेदीदाराने त्यास स्वहस्ते ढेप चारावी व उभयतांनी चहा घ्यावा.' रद्दबातल हा शब्द तीन पुरवण्यांत कुठंच नव्हता.

दोन महिन्यांनी निकाल लागला. तीन मार्कांनी राहिला! रूपरावांनी त्याच दिवशी मामाला फोन लावला. आईनं डबा बांधून दिला. थांब्यावर अर्धं गाव पोचवायला आलं. चिंधू तर बैलासकट आला! आदेशनं मान खाली घातली आणि बॅग आणि निळी वही घेऊन गाडीत चढला.

बाहेर शेतं मोकळी झाली होती, कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. तो डोळे मिटून कोर्टातल्या त्या पंख्याची वाट बघत होता, एवढ्यात कोणीतरी खांद्याला हात लावला.

"बोला, वकीलसाहेब!"

आदेशनं डोळे उघडले. समोर मुकेश कंडक्टर उभा होता, हसत.

"कारंज्याले ना? वर्ध्याले गाडी बदला लागन," तो तिकीट देत म्हणाला. "अन् उतरतानी वही घेऊन उतरजा!"