देवमनरावांचे एकवीस किलोमीटर

देवमनरावांनी बाटली उलटी केली, झटकली, उजेडात धरली. थेंब पडायला तयार नव्हता. उद्या पहाटे साडेपाचला मंगरूळपीरला एकवीस किलोमीटरची शर्यत, आणि आज संध्याकाळी हातात रिकामी बाटली!

"दुर्गे, याच्यातलं तेल कुठी गेलं?"

"भाजीत," भांडी आवरता आवरता दुर्गाबाई म्हणाल्या. "अंबाडीच्या भाजीवर घ्याले लसणाची फोडणी केली ना, त्याच्यात. बाटलीवर अंबाडीचं पान व्हतं. म्हटलं, अंबाडीचंच तेल असंन."

देवमनरावांनी लेबल पाहिलं. बोटं पसरल्यासारखं हिरवं पान. आसेगावात जन्म काढलेल्या बाईला ते अंबाडीचंच वाटणार. पण ते होतं भांगेचं पान, आणि बाटलीत होतं भांगेच्याच झाडाचं सीबीडी तेल. पुण्याच्या पुतण्याने, रवीने, वैद्याच्या चिठ्ठीवर मागवून दिलेलं. लांब पळणारे लोक म्हणे ते जिभेखाली घेतात; अंग ठणकत नाही, झोप गाढ लागते. देवमनराव दोन महिने इमानदारीने रोज पाच थेंब घेत होते आणि त्यांचे गुडघे कुरकुरायचे थांबले होते. गुण तेलाचा की इमानदारीचा, हे वैद्यालाही सांगता आलं नव्हतं. ही दुसरी बाटली परवाच आली होती. भांगेचं नाव काढलं तर दुर्गाबाई घर डोक्यावर घेतील, म्हणून त्यांनी ती गुपचूप मिठाच्या बरणीमागे दडवली होती. आता बोलणार कुणाला?

पंचायत समितीतल्या या चोपन्न वर्षांच्या कारकुनाला बक्षीस नको होतं. गेल्या वर्षी चौदाव्या किलोमीटरला ते बसले, आणि मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीने त्यांना उचललं. तेव्हापासून देवमनराव चावडीपर्यंत चालत निघाले तरी कुणीतरी विचारायचंच, "काय देवमनराव, गाडी बोलावू काय?" यंदा एकवीस किलोमीटर आपल्या पायांनी पुरे करायचे, अशी त्यांनी शपथ घेतली होती.

त्यांनी भाजीचं पातेलं पाहिलं; तेही रिकामंच. "भाजी कोनं खाल्ली?"

"मी थोडीशी. तुमी तर शर्यतीपायी दहीभातच खाल्ला. बाकी सारी गोविंदसिंगभाऊनं. चार भाकरीसंग!"

गोविंदसिंग म्हणजे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा त्यांचा जुना दोस्त, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. पहाटे देवमनरावांना आपल्या व्हॅनमधून न्यायचं म्हणून तो मुक्कामाला आला होता. "तीस वर्सांत आपली एक गाडी लेट नाई झाली," असं दर तासाला सांगायचा. आता तो ओसरीवर घोरत होता, आणि अजून आठही वाजले नव्हते.

देवमनरावांनी रवीला फोन लावला.

"मोठेबाबा, घाबरू नका. त्यानं नशा नाही होत. झोप येते. किती थेंब गेले?"

"पुरी बाटली."

मग वैद्यांना विचारून रवीचा निरोप आला: "झोपू द्या. सकाळी उठतील आपोआप."

सकाळ किती वाजता, ते वैद्यांनी सांगितलं नव्हतं. चार वाजता देवमनरावांनी गोविंदसिंगला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, कानाशी तांब्या वाजवला. "डबल बेल दे," एवढं बोलून गोविंदसिंगने कूस बदलली. दुर्गाबाई तर कूसही बदलत नव्हत्या. पहिली एसटी सहाला. देवमनरावांना स्वतःच्या दोन पायांपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

"बरं हाय," ते म्हणाले. छातीवर नंबर लावला आणि पावणेपाचला रस्त्याला लागले. वाटेत कुणीतरी गाडीवर घेईलच.

दुधाची गाडी आली. देवमनरावांनी हात केला. "शाब्बास काका!" दूधवाल्यानेही हात केला आणि गाडी पुढे काढली. सोयाबीनचा ट्रक आला. "थांब ना, बाप्पा!" देवमनराव ओरडले. "थांबू नका, काका, पळा!" ड्रायव्हरने हॉर्न वाजवून हुरूप दिला. चड्डी, बूट, छातीवर नंबर. असा माणूस लिफ्ट मागतो आहे, हे कुणाच्या डोक्यात येणार? एका मोटारसायकलवाल्याने मात्र थांबून फोटो काढला आणि तो निघून गेला. देवमनराव चरफडत, पण पळतच राहिले.

साडेसातच्या सुमारास ते मंगरूळपीरच्या कमानीपाशी पोचले. शर्यतीचा शेवटचा टप्पा नेमका याच रस्त्यावरून होता. टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, आणि माईकवरून आवाज आला, "पन्नाशीवरच्या गटात पहिले..."

"सायेब, थांबा!" देवमनरावांना धाप लागली होती. "मी शर्यत पुरी करून नाई राह्यलो. सुरू कराले आलो."

हशा पिकला. संयोजक जवळ येऊन कुजबुजले, "काका, राहू द्या मेडल. कोनाले काय समजते?"

"मले समजते ना."

त्यांनी मेडल काढून दिलं आणि फोन पाहिला. घरापासून एकोणीस किलोमीटर, एकविसाला दोन कमी. मांड्या भरून आल्या होत्या, डोळेही भरून आले होते. एक किलोमीटर जायचं, एक यायचं. ते वळले आणि कमानीखालून उलट्या दिशेने निघाले.

शंभर पावलं गेले नसतील, तोच मागून एक गाडी आली आणि त्यांच्या बाजूला सावकाश चालू लागली. पहाटेपासून इतक्यांना हात केला होता, पण त्यांना बसवून घ्यायला आलेली ही पहिलीच. मागे राहिलेल्यांना आणायला निघालेली.

"बसा, काका," ड्रायव्हर म्हणाला. "पुरी रिकामी हाय."

"तुमी व्हा पुढं," देवमनराव म्हणाले. "मी येतो मांगून."