जांभईस कार्योत्तर मंजुरी

जी गोष्ट सहीशिवाय होते ती मुळात झालेलीच नसते, हे सुव्यवस्थेचे पहिले तत्त्व आहे. वादळ, भूकंप आणि नातवंडे यांना या तत्त्वातून तात्पुरती सूट आहे. बाकी सर्वांना ते लागू आहे.

परवाना कार्यालयाच्या मुख्य लिपिकांनी हे तत्त्व जितके जपले तितके कोणी पोटचे पोर जपत नाही. त्यांना सगळे सहीसाहेब म्हणत. (तोंडावर नुसते साहेब. सही पाठीमागे.) एकोणतीस वर्षे एकाच खुर्चीत बसल्यामुळे खुर्चीने त्यांचा आकार घेतला होता की त्यांनी खुर्चीचा, हे सांगणे अवघड होते. दुकानाची पाटी असो वा गच्चीवरचा पत्रा, त्यांच्या हिरव्या शाईची सही झाल्याखेरीज तो कायद्याच्या दृष्टीने हवेत तरंगत असे.

आता निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि साहेबांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. लोभ कसलाच नव्हता. पण घरी त्यांची सही कोणी मागत नसे. पडद्याच्या रंगापासून मुलीच्या लग्नापर्यंतचे सारे निर्णय बायकोने परस्पर घेतले होते आणि दुर्दैवाने ते सगळे बरोबर निघाले होते. अशा घरात दिवसभर बसायचे म्हणजे माणसाने करायचे काय?

मुदतवाढीसाठी एक समिती येणार होती. तिला एकच गोष्ट पाहायची होती: साहेबांवाचून कार्यालयाचे अडते का? अडत असेल तर मुदतवाढ, नसेल तर नारळ.

अर्जाला प्रकृतीचा दाखला जोडायचा होता, म्हणून साहेब मेहुण्याच्या दवाखान्यात गेले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. डॉक्टर असूनही आनंदी स्वभावाचा. त्याने साहेबांना टेबलाच्या कडेला बसवले आणि गुडघ्याखाली छोटी हातोडी टिचकन मारली. पाय उडाला.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारले.

"तुम्हीच, भाऊजी."

"मी सांगितलं नव्हतं."

"पाय तुम्हाला विचारतच नाही. पाठीच्या कण्यात परस्पर निकाल लागतो. मेंदूला मागाहून कळवतात."

"मागाहून?" साहेबांचा चेहरा पडला. "खालच्या खाली निकाल लावून वरिष्ठांना मागाहून कळवतात?"

मेहुण्याला चेव आला. त्याने सांगितले की शरीराचा कारभार दोन मार्गांनी चालतो. एक मज्जातंतूंचा. म्हणजे धावत जाऊन नेमक्या टेबलावर चिठ्ठी ठेवणारा शिपाई. दुसरा ग्रंथींचा. ग्रंथी परिपत्रक काढून थेट रक्तात सोडून देतात. ते अंगभर फिरते, पण ज्याच्यासाठी असते तोच वाचतो. जेवण झाले की स्वादुपिंड असेच एक परिपत्रक काढते, मग पेशी रक्तातली साखर उचलून घेतात.

"कोणाच्या सहीने?"

"कोणाच्याच नाही. आणि साखर पुरेशी उतरली की परिपत्रक काढणं आपोआप थांबतं."

साहेबांनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. काम संपल्यावर काम थांबवणारे खाते त्यांनी उभ्या हयातीत पाहिले नव्हते. आपल्याच कातडीच्या आत, आपल्याच नावावर, साठ वर्षे हा बेबंद कारभार चालू होता! देवाने माणूस घडवताना समिती नेमली नव्हती, हे उघडच होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी शरीरास उद्देशून आदेश काढला. (प्रत माहितीसाठी: पत्नी.) त्यातील ठळक कलमे अशी:

हृदयाने पुढील आठवड्याच्या ठोक्यांचा आराखडा शनिवारपर्यंत सादर करावा. (आराखडा आला नाही. ठोके मात्र आले, दिवसाला लाखभर.)

घाम फक्त कपाळाने काढावा. तळहातांनी त्यात लुडबूड करू नये.

श्वास नोंदवहीत नोंदवूनच घ्यावा. (एकेचाळिसाव्या श्वासाला बायकोने "भाजी चिरून देता का?" असे विचारले. साहेब नोंद विसरले. श्वास पुढे चालूच राहिला. ही सरळसरळ बंडाळी होती.)

जांभई ही विनावेतन रजा समजण्यात येईल.

तिसऱ्या दिवशी चहाचे पातेले शेगडीवर होते. साहेबांचे बोट झाकणाला लागले आणि हात झटकन मागे आला. साहेबांनी क्षणभर विचार केला, हात पुन्हा झाकणावर ठेवला, मनाशी प्रस्ताव मांडला, तो तपासला, मंजूर केला आणि मग हात उचलला.

"अहो!" बायको पाण्याचे भांडे घेऊन धावली. "काढला होतात ना हात? परत कशाला ठेवलात?"

"पहिला काढलेला बेकायदेशीर होता."

बोटाला टपोरा फोड आला. बायको त्यावर फुंकर घालत म्हणाली, "देवाने तुमच्या हाताला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल दिली, हे उपकारच समजा."

परंतु सुधारणा स्वतःपुरती ठेवणे हा स्वार्थ झाला. सोमवारी कार्यालयात जांभई-अर्ज लागू झाला. कारण, अपेक्षित कालावधी, तोंड किती उघडणार (सेंटिमीटरमध्ये) आणि दोन साक्षीदार.

पत्रव्यवहार पाहणाऱ्या टपालबाई तेवढ्या तोंडाच्या फटकळ. त्या म्हणाल्या, "साहेब, अर्ज भरेपर्यंत जांभई निघून जाते."

"म्हणजे गरज नव्हती!" साहेब विजयी मुद्रेने म्हणाले.

पहिल्या आठवड्यात दोनशे बारा अर्ज आले. चार मंजूर झाले. पैकी तीन अर्जदारांना नेमल्या वेळी जांभई आली नाही, सबब ती मुदतबाह्य ठरली. चौथ्याला आली, पण तिच्यातून शिंक निघाली. शिंकेचे खाते वेगळे.

समिती नेमकी जेवणानंतर आली. तिघे जण: जाड चष्म्याच्या अध्यक्षबाई आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. पंखा करकरत होता. बत्तीस कर्मचारी भिंतीशी ओळीने उभे होते, खिडकीपाशी परवान्याचे अर्ज घेऊन आलेले लोक. साहेबांनी चाळीस पानी अहवाल उघडला, त्याच क्षणी आतून परिपत्रके सुटली. छाती धडधडू लागली, जीभ टाळूला चिकटली, तळहातांना मनाई असूनही पाझर फुटला. साहेबांनी तिन्ही खात्यांना मनातल्या मनात कारणे दाखवा नोटीस दिली आणि वाचन सुरू केले.

अकराव्या पानावर त्यांच्या जबड्याच्या मुळाशी काहीतरी हलले.

त्यांनी दात आवळले. नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आले, कान आतून बुजले. "परिच्छेद सात," ते म्हणाले. सातच्या पुढचे अक्षर मोठे होत गेले, आणखी मोठे झाले, आणि समितीला साहेबांची पडजीभ दिसली. एकोणतीस वर्षांची साचलेली जांभई होती ती. रेंगाळत, वळसे घेत, शेवटी बारीक हुंकार देत निघाली.

मग टपालबाईंनी आ वासला. त्यांच्याकडे पाहून रोखपालांनी. मग भिंतीकडेची ओळ पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली: बत्तीसच्या बत्तीस तोंडे उघडी. खिडकीतल्या लोकांनी दिली. समितीच्या डाव्या सदस्याने फाइलआड दिली. त्यापाठोपाठ अध्यक्षबाईंनी, चष्मा काढून, मनसोक्त.

साहेबांना डोळ्यांपुढे घर दिसू लागले, पडदे दिसू लागले.

"हे काय होतं?" अध्यक्षबाईंनी विचारले.

साहेब अहवालात परिच्छेद सात शोधू लागले. टपालबाई पुढे झाल्या. "शिस्त, बाई. आमच्या साहेबांनी नुसतं तोंड उघडलं की अख्खं ऑफिस हलतं. कागद नाही, घंटी नाही. दुसऱ्या कोणाला जमवून दाखवू दे!"

समितीने आपसात पाहिले. (उजव्या सदस्याला उशिराची जांभई याच वेळी आली.) निष्कर्ष जागेवरच लिहिला गेला: 'प्रमुखांच्या एका संकेतावर संपूर्ण यंत्रणा, अभ्यागतांसह, तत्काळ कार्यान्वित होते. प्रमुखांवाचून हे अशक्य. मुदतवाढ दोन वर्षे.'

समिती गेल्यावर टपालबाईंनी साहेबांपुढे सत्तावीस परवाने सहीसाठी ठेवले.

"लोक थांबलेत ना बाहेर?" साहेबांनी विचारले.

"छे! परवाने सकाळीच देऊन टाकते मी. पोरंबाळं घेऊन उभे असतात हो उन्हात. तुमची सही संध्याकाळी घेते, माझ्याजवळच्या प्रतीवर."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून. एकोणीस वर्षं."

साहेबांनी फोड आलेल्या बोटाकडे पाहिले. ते हसले. आधी नाकातून, मग गालांतून, मग पोट इतके हलू लागले की खुर्ची घाबरली. यातल्या एकाही हालचालीसाठी अर्ज आलेला नव्हता. हसता हसताच त्यांनी हिरवे पेन काढून त्या दिवशीच्या नस्तीवर लिहिले: 'सदर जांभईस कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. तसेच हृदय, फुप्फुसे, स्वादुपिंड व टपालबाई यांच्या आजवरच्या सर्व कृत्यांसही.' त्या रात्री ते आडवे झाले आणि नोंद न करता झोपले.

कार्योत्तर मंजुरीची ही सोय आता सर्वांसाठी खुली आहे. वरील मजकूर वाचताना आपण किमान एक जांभई दिलीत किंवा दात आवळून परतवलीत, हे कार्यालयास ठाऊक आहे. ती मजकुरामुळे आलेली नाही, ती मज्जातंतूंची परस्पर कारवाई आहे, असे आम्ही धरून चालतो. अर्ज खिडकी क्रमांक तीनवर मिळेल. घाई नाही. आधी तोंड मिटा.