घड्याळजीमामांची दहापट फुगलेली फाइल

ही गोष्ट ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे घड्याळजीमामा आधीच सांगून टाकतात; आणि मग विश्वास बसेपर्यंत गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर पडू देत नाहीत. त्या सकाळी मास्तर तावडीत सापडले होते. पट्टा बदलायला आलेले. घड्याळ मामांच्या हातात, त्यामुळे पळायची सोय नव्हती.

मूळ हकिगत साधी होती. मामी गायच्या सुरेख, पण चारचौघांत तोंड उघडायच्या नाहीत. तीस वर्षं ते गाणं इस्त्रीच्या टेबलापलीकडे गेलं नव्हतं. ते जगाला ऐकवल्याशिवाय मरायचं नाही, असं मामांनी ठरवलं. एका दुपारी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळामागे मोबाइल दडवला, गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि मामींना न सांगता रेडिओकेंद्राला पाठवून दिलं. केंद्राचं उत्तर आलं: आवाज पसंत आहे, पण फाइल एमपीथ्री आहे, म्हणजे आकार कमी करायला दाबलेली. शनिवारपर्यंत न दाबलेली पाठवा, तरच रविवारी लावू.

दुसरा कोणी असता तर त्याने मामींना पुन्हा गायला सांगितलं असतं. पण मग चोरी कबूल करावी लागली असती. शिवाय मामांचा सगळा जन्म स्प्रिंगांत गेलेला. स्प्रिंग कितीही आवळा, सोडली की उलगडतेच. मग गाण्याला काय धाड भरली? त्यांनी संगणकावर फाइल वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या प्रकारात, बदलली. चार एमबीची चाळीस झाली. मामांची छातीही त्याच प्रमाणात फुगली.

पण चाळीस एमबीचं धूड ई-मेलमधून जाईना. मामांनी मग शहाणपणा केला. फाइल जावी म्हणून ती पुन्हा दाबली आणि पाठवली. केंद्राने कळवलं, दाबलेलीच आली. मामांनी पुन्हा उलगडली, पुन्हा जाईना, पुन्हा दाबली. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला, शुक्रवारी, त्यांनी उलगडलेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली, दोन बस बदलून केंद्र गाठलं आणि पहारेकऱ्याच्या हातात ती अशी ठेवली, जशी कुणी तान्हं मूल ठेवावं.

रविवारी सकाळी मामींचं गाणं रेडिओवर लागलं. स्वच्छ, लखलखीत. मामी शेजारी बसून शांतपणे शर्टाची बटणं लावत होत्या. स्वतःचं गाणं रेडिओवर ऐकूनही त्या चकित कशा झाल्या नाहीत, हा प्रश्न मामांना पडायला हवा होता. तो पडला नाही.

गोष्ट इथवर खरी होती. पण मामांच्या तोंडी ती रोज थोडी उलगडत गेली होती, आणि मास्तरांच्या वाट्याला आली ती पुरी चाळीस एमबीची.

"मास्तर, फाइल अशी उलगडली, अशी उलगडली, की आधी न ऐकू येणारं सगळं बाहेर आलं. बारा घड्याळांची टिकटिक वेगवेगळी. त्यातलं एक दोन मिनिटं मागे होतं, तेही कळत होतं. आणि शेवटी मी मनातल्या मनात म्हटलेलं 'वा'. तेसुद्धा आलं. ते ऐकून केंद्रातली माणसं उठून उभी राहिली."

मास्तर काही बोलणार, तोच आतल्या खोलीचा पडदा सरकला. मामी डबा घेऊन आल्या होत्या.

"अहो, शनिवारी केंद्राचा फोन आला होता घरी. तुम्ही आंघोळीला गेला होतात," मामी डबा टेबलावर ठेवत म्हणाल्या. "तो ध्वनिमुद्रक मला म्हणाला, बाई, झिजलेल्या चाकाला मोठ्या डब्यात ठेवलं म्हणून दाते परत फुटत नाहीत. दाबताना जे गेलं ते गेलं. तुमच्या यजमानांना सांगा, आता पुन्हा पाठवू नका."

मामांच्या हातातला चिमटा थांबला. "मग रविवारी जे लागलं..."

"ते मी शनिवारी दुपारी तिथे जाऊन गायले. तुमची डुलकी चालली होती."

"तू? परक्यांसमोर?"

"नाहीतर पुन्हा दोन बसचे धक्के खायला निघाला असतात. तुमच्या गुडघ्यांकडे बघवेना."

मामांनी मास्तरांचं घड्याळ खाली ठेवलं. मग हळूच, जरा आशेने म्हणाले, "पण माझं ते 'वा' तरी होतं ना माझ्या फाइलीत?"

"नव्हतं," मामी म्हणाल्या. "त्याने मला फोनवर ऐकवलं की. गाणं संपायच्या आत तुम्ही म्हणालात, 'चहा टाकतेस का?' सगळ्याच फायलींत तेवढं मात्र स्वच्छ आलंय."