वीबेच्या अंगावरची उत्तरं

लेवार्डनच्या नगरपालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसलेल्या वीबे तर्पस्त्राने आयुष्यात कशासाठी स्वतःहून हात वर केल्याचं कुणाला आठवत नाही. पण त्या गुरुवारी जेवताना तो बायकोला म्हणाला, "मी येतो की!" आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

बायको, हिलके, बेकरीतली नोकरी सोडून चौपन्नाव्या वर्षी मालिश शिकायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची परीक्षा. प्रत्येकीने आपापला माणूस न्यायचा, त्याच्या उघड्या अंगावर स्नायू आखून दाखवायचे आणि त्यांची नावं सांगायची. हिलकेने शेजारच्या श्यूर्डला ठरवलं होतं. श्यूर्ड रोज चाळीस किलोमीटर सायकल हाणायचा. त्याने नुसता शर्ट काढला तरी निम्मा अभ्यासक्रम दिसायचा. आणि नेमका तोच तापाने फणफणला.

"तू?" हिलकेने सूपचा चमचा खाली ठेवला.

"का? मला स्नायू नाहीत?"

"असणार. पुस्तकात लिहिलंय, सगळ्यांना असतात."

(दीड महिना बायको सरावासाठी श्यूर्डची पाठ चोळत होती आणि वीबे त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, हेही इथे सांगायला हवं.)

ताटं उचलली गेली. वीबे शर्ट काढून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. हिलकेने मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा मोठा स्नायू आखला, मग खांद्यावरचा, मग दंडावरचा.

"हात वाकव. आता सरळ कर. बघ, वाकवणारा पुढचा, सरळ करणारा मागचा. स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला ठाऊकच नाही."

"आमच्या ऑफिसात उलटं," वीबे म्हणाला. "तिथे सगळे ढकलतातच."

एवढ्यात हिलकेचं पेन संपलं. वीबे उत्साहाने उठला आणि ऑफिसच्या बॅगेतून आपलं पेन घेऊन आला. वर शहाणपणाही शिकवला: "नुसत्या रेघा काय ओढतेस? नावं लिही, म्हणजे डोक्यात बसतील. आमच्याकडे नोंद नसेल तर माणूस जन्मलाच नाही असं धरतात." एवढं सांगून न थांबता, स्वतःच्या मांड्यांवरची नावं त्याने स्वतःच, वळणदार सरकारी अक्षरात लिहून टाकली. रात्री नऊ वाजेपर्यंत अंगावर एकतीस नावं झाली. हिलकेला ती सगळी पाठ झाली. दोघंही खूश.

मग वीबे आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"हिलके," आतून हाक आली, "हे जात नाहीये गं."

"साबण लाव."

"दोनदा लावला."

साबण झाला, लोणी झालं, व्हिनेगर झालं, शेवटी फरशी घासायचा ब्रश झाला. वीबे बीटासारखा लाल झाला, पण अक्षर जागचं हललं नाही.

"वीबे, हे पेन कसलं आहे?"

"नोंदवहीचं." त्याने मान खाली घातली. "साहेब म्हणतात, शंभर वर्षं टिकते ही शाई."

हिलके टबाच्या कडेवर बसली. ओरडली असती तर वीबेला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "अरे, उद्या कोरं अंग लागतं. उत्तरं लिहून नेली की त्याला कॉपी म्हणतात. तीस वर्षं दुसऱ्याचे पाव भाजले. हे एक माझं होतं."

सकाळी वीबेने न्याहारीला हातही लावला नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये सहा बायका होत्या आणि त्यांचे सहा पुरुष. पाच कोरे, गुळगुळीत. परीक्षक ओस्टरहोफबाई समोर येताच वीबेने पुढे होऊन सांगून टाकलं, "बाई, चूक माझी आहे. हिचा काही दोष नाही." आणि शर्ट काढला.

ओस्टरहोफबाईंनी चष्मा लावला आणि नोटीस बोर्ड वाचावा तसं त्याला चहूबाजूंनी वाचून काढलं.

"कॉपी करायची तर माणूस लपवून करतो," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हे सगळे स्नायू बाद. जे बाहेरून दिसत नाहीत त्यांचं सांगा."

हिलके पांढरी पडली. तो धडा अगदी शेवटचा, त्याचा सराव झालाच नव्हता. हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत वीबेचं रिकामं पोट लांबलचक गुरगुरलं.

"थांबव ना!" हिलके दातओठ खात कुजबुजली.

"कसं थांबवू?"

हिलकेचे डोळे एकदम चमकले. "थांबवता येतच नाही! बाई, हाच तो. जठराचा, आतड्याचा स्नायू. दंडाला हुकूम देता येतो, याला नाही. हा वीबेचं ऐकत नाही, माझंही ऐकत नाही. काम सावकाश करतो, पण दंडासारखा लवकर थकत नाही."

"आणि स्नायूंचा तिसरा प्रकार?"

तिने वीबेच्या छातीवर पंजा टेकला. "हा. बांधणी दंडासारखी, पट्ट्यापट्ट्यांची, पण हुकूम याच्यावरही चालत नाही. आपला ठेका आपणच धरतो. जन्मल्यापासून एक दिवस रजा नाही."

बाईंनी वीबेची नाडी धरली. "मग आत्ता एवढा जोरात का धावतोय?"

"घाबरलाय, बाई."

"कशाला?"

"मी नापास होईन म्हणून."

वीबे छताकडे बघत राहिला. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्याच्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं.

"पास," ओस्टरहोफबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. वीबेशी, त्यालाही प्रमाणपत्र देत असल्यासारखा, हातही मिळवला. "तुम्ही मार्चच्या परीक्षेलाही या. शाई गेली की. तुमच्यासारखं अंग मिळत नाही."

वीबेने शर्टाची बटणं जरा सावकाशच लावली. छाती दोन इंच पुढे आली. "म्हणजे, बांधा चांगला आहे म्हणता?"

"तसं नव्हे," बाई म्हणाल्या. "कमावलेल्या अंगाचे स्नायू डोळ्यांना दिसतात, मुली बघून बघून उत्तरं देतात. तुमच्या अंगावर शोधून काही सापडत नाही. पाठच करून यावं लागतं."